सगळ्यांना पहिला नंबर देणारे उकेबाबू

चंद्रशेखर उके यांच्या हातून आयुष्यात कोणीही नापास झालं नाही. बालाघाट जिल्ह्यातल्या धान खरेदी केंद्रांवर त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि त्यांचं काम होतं आलेला माल पाहून त्याची प्रत ठरवण्याचं. आता प्रत ठरवायची म्हणजे कोणाच्या तरी मालाला चांगला म्हणायचं आणि कोणाचा तरी परत पाठवायचा. सरकारला हे सोपं वाटतं, कारण ओल्या धानाची ट्रॉली घेऊन आलेल्या माणसासमोर सरकार स्वतः उभं राहत नाही. उकेबाबू राहत. मूठभर धान तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायचे, दोन दाणे दाताखाली फोडायचे, ओल मोजायचं यंत्र पोत्यात खुपसायचे, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की चेहरा असा प्रेमळ करायचे, की समोरच्याला वाटावं, आपल्या पोरीचं लग्नच जमलं.

"माल वाईट नाई, दादा," ते म्हणत. "वेगळा हाय. याले थोडं ऊन दाखवा."

माणूस ट्रॉली वळवून हसत घरी जायचा. धान ओलंच असायचं, पण अपमान झालेला नसायचा. रामपायलीच्या केंद्रावर असताना तर त्यांनी सरकारच्या दोन प्रतींच्या मधे पदरच्या तीन घातल्या होत्या: ‘जवळपास अ’, ‘अ व्हायला आलेला’ आणि ‘मनानं अ’. भाव तिघांनाही साधारण प्रतीचाच मिळे. तरी ‘मनानं अ’ मिळालेला माणूस गावभर सांगत फिरे. याला कोणी लबाडी म्हणेल. उकेबाबू न्याय म्हणत, आणि खरं सांगायचं तर दोन्हींतला फरक त्यांना कोणी कधी समजावून दिला नव्हता.

घरात मात्र ही विद्या चालत नसे. भाजी खारट झाली की उकेबाबू घास गिळून म्हणत, "आज वेगळीच चव हाय." त्यावर गीताबाई ताट पुढं ओढून स्वतः चाखून पाहत आणि भडकत. "मीठ जास्त झालं तं झालं म्हणा ना! वेगळी चव, वेगळी चव काय लावून राह्यले? तुमच्या तोंडातून एक सरळ गोष्ट निघंन तं मी पेढे वाटीन."

मुलगी राखी आईवर गेली होती. ती शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत रक्त तपासायची, आणि तिथल्या अहवालात ‘मनानं निरोगी’ असा रकाना नसतो. आहे ते लिहायचं, सही करायची आणि पुढचा नमुना घ्यायचा. अशी ही मुलगी रविवारी मात्र उकेबाबूंची जुनी आठशे सीसीची गाडी घेऊन लालबर्रा रोडला जायची आणि ती गाडी अशी हाणायची, की पाहणाऱ्यानं दोन पावलं मागं सरकावं.

या प्रकाराला ऑटोक्रॉस म्हणतात. मोकळ्या पटांगणात खुणा मांडून वेडीवाकडी वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावून कोणाला किती वेळ लागला ते पाहायचं. गाडीला गाडी लागत नाही. त्यामुळे हातपाय शाबूत राहतात, गेली तर फक्त इज्जत जाते. बालाघाटच्या हौशी मंडळाचं पटांगण म्हणजे त्याच रोडवरच्या भैयालाल सेठच्या राइस मिलमधला धान वाळवायचा सिमेंटचा ओटा. हंगाम संपला की तो रिकामाच पडलेला असे. खुणांसाठी मोठ्या शहरांत म्हणे प्लास्टिकचे लाल शंकू असतात. इथे भुसा भरलेली पोती. पोत्याला धक्का लागला की वेळेत दोन सेकंद जमा. पोतं फुटलं तर भुसा झाडायचा तो फोडणाऱ्यानेच, आणि या शिक्षेची धास्ती सेकंदांपेक्षा जास्त होती.

वर्ग तीनच होते. लहान इंजिन, मधलं इंजिन, मोठं इंजिन. हजार सीसीपर्यंत लहान, सोळाशेच्या वर मोठं. नियम इतका साधा होता, की त्यावर भांडायला कोणाला काही सापडत नव्हतं, आणि लहान गटात राखीचा नंबर कधी पहिला, कधी दुसरा, असं छान चाललं होतं.

मग केदार पिंपळापुरेनं नवी गाडी घेतली. केदार वकिलांचा मुलगा, स्वभावानं बरा, पण नव्या बुटांकडे बघत चालणाऱ्या माणसासारखा आपल्याच गाडीकडे बघत बोलायचा. गाडीचं इंजिन होतं हजार सीसीचं, म्हणजे नियमानं लहान गटातलं. आणि त्याला होता टर्बो. पहिल्याच रविवारी केदारनं राखीला एवढ्या फरकानं मागं टाकलं, की घड्याळ बिघडलं असेल म्हणून ते दोनदा तपासून झालं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच.

त्या तिसऱ्या रविवारी घरी येताना राखी गाडी अगदी हळू चालवत होती. उकेबाबू शेजारी बसले होते. त्यांना वाटलं, पोरगी हरली म्हणून खट्टू झाली. "तू वाईट नाई चालवली, बेटा," ते म्हणाले. "वेगळी—"

"बाबा, हारली मी. त्याचं काही नाई," राखी म्हणाली. "पण कोन हारलं हेच समजून नाई राह्यलं. मी हारली का गाडी हारली? मी त्याच्याहून कच्ची असंन तं मले समजलं पाह्यजे, म्हणजे मी शिकीन. नियम असा पाह्यजे का त्यातून एवढं समजंन. बस."

मागणं एवढंच होतं. उकेबाबूंनी मान हलवली, आणि पुढच्या बैठकीत भैयालाल सेठनं त्यांनाच नियमांचं प्रमुख करून टाकलं. कारणही सेठनं मोकळेपणानं सांगितलं: "उकेबाबू से आज तक किसी का झगडा नहीं हुआ. ऐसा आदमी और कहाँ मिलेगा?" असा माणूस न्यायासाठी किती धोक्याचा, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिली बैठक मिलच्या ऑफिसात झाली. टर्बो म्हणजे काय, ते केदारनं सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक चक्री फिरते, ती चक्री इंजिनात जास्तीची हवा कोंबते, हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त जळतं आणि जोर वाढतो. मंडळींनी माना डोलावल्या, पण तोंडं कोरी होती. तेव्हा उकेबाबू पुढं सरकले.

"पंगत समजा," ते म्हणाले. "साधं इंजिन म्हणजे आपल्या भुकेनं जेवणारा माणूस. अन् टर्बो म्हणजे त्याच माणसाच्या मांगं उभा राह्यलेला आग्रहाचा वाढपी. नको नको म्हणंपर्यंत बुंदी टाकून देते. पोट तेवढंच, पण खाणं दोघांचं. मंग सांगा, असा माणूस पंगतीत एक मोजाचा का दोन?"

सगळी बैठक खूश झाली. इतक्या वर्षांत बालाघाटात यंत्रशास्त्र एवढं रुचकर कोणी सांगितलं नव्हतं. एक मोजायचा की दोन, हा मात्र खरा प्रश्न होता, आणि तिथून वाद पेटला. केदार म्हणाला, वाढपी फार काही वाढत नाही, एकाच्या जागी सव्वा धरा. मोतीलाल म्हणाला, अडीच धरा. मोतीलालचं किरनापुरात टायरचं दुकान होतं आणि गाडी म्हणजे जुनी जीप. शेवटी राखीनं सांगितलं, की जगातल्या मोठ्या शर्यतींत पेट्रोल टर्बोचं माप एक पूर्णांक सात दशांशानं गुणतात, तेच आपण घेऊ. म्हणजे केदारची हजाराची गाडी सतराशेची धरायची. ती मोठ्या गटात जाईल, आणि तिथे त्याची जी काय परीक्षा व्हायची ती होईल.

हा नियम चांगला होता. तिथेच चहा पिऊन सगळे घरी गेले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मोतीलालला एकदम उमजलं, की मोठ्या गटात तर आपण आहोत.

"वा रे वा," तो म्हणाला. "ते लहान्यांचं भूत माह्या डोक्यावर काहून? माह्या जीपले दरवाजे बी नाईत!"

दरवाज्यांचा टर्बोशी संबंध काय, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. त्यातच कोणीतरी बोलून गेलं, की भैयालाल सेठची भलीमोठी डिझेलची गाडीसुद्धा टर्बोचीच आहे. सेठ दचकले. ती गाडी त्यांनी गुरासारखी वापरली होती, पण तिच्या पोटात टर्बो आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग ते सावरून बसले आणि म्हणाले, "देखो बाबू, डीज़ल का टर्बो अलग बात है. वो खानदानी टर्बो है. ये पेट्रोलवाला तो कल का छोकरा है."

मिल सेठची, ओटा सेठचा, चहा सेठचा आणि बसायच्या खुर्च्याही सेठच्याच. उकेबाबूंनी क्षणभर डोळे मिटले. त्यांना सेठचं म्हणणं पटलं नव्हतं, पण सेठचा चेहरा दिसत होता, आणि एखाद्याचा पडलेला चेहरा समोर असला की उकेबाबूंची बुद्धी त्या चेहऱ्याच्या चाकरीला लागायची. "सेठ वेगळं म्हणून राह्यले," ते म्हणाले. "डिझेलच्या वाढप्याचं वय झालं. आग्रह करते, पण हात थरथरते त्याचा. त्याले सूट देऊ."

राखीनं बापाकडे पाहिलं. उकेबाबूंनी नजर चहात घातली.

मोतीलालचा चेहरा अजून पडलेलाच होता. म्हणून दुसऱ्या बैठकीत उकेबाबूंनी वजन आणलं. नुसत्या इंजिनावरून वर्ग ठरवणं अन्यायाचं आहे, ते म्हणाले. अंगात जोर किती, हे पाहिलं तर अंगावर ओझं किती, हेही पाहायला पाहिजे. जड गाडी असेल तर तिला सोपा वर्ग द्यावा. तत्त्व म्हणून यात काही चूक नव्हती. जगभर असं करतात. पण तत्त्व बालाघाटात आलं होतं, आणि इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काट्यावर माल घातलेला आहे. काट्यावर जायच्या आधी मालाचं काय करायचं असतं, ते त्यांना पाळण्यात शिकवलेलं असतं.

वजनाच्या दिवशी मिलच्या धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर, गाड्यांची रांग लागली. मोतीलालची जीप वळणावर अशी हळू आली, जशी तीत बाळंतीण बसली असावी. भैयालाल सेठच्या गाडीचं ढुंगण जमिनीला टेकायला आलं होतं. केदारची नाजूक टर्बो गाडीसुद्धा त्या दिवशी चांगली भरलेली वाटत होती, आणि तिच्या मागच्या दारातून धानाचं एक तूस बाहेर डोकावत होतं. शिकलासवरलेला, वकिलाचा मुलगा, पण पाणी शेवटी बालाघाटचंच.

उकेबाबूंनी एक एक डिकी उघडली. आत धान. कोणाची चार पोती, कोणाची सहा, आणि भैयालाल सेठच्या गाडीत मागच्या सीट काढून दहा. सेठच्या पोत्यांवर तर पाणीही मारलेलं होतं, केवळ सवयीनं.

"हे काय हाय, सेठ?" उकेबाबूंनी विचारलं.

"घर का धान कुटवाने जा रहा था," राइस मिलचे मालक म्हणाले.

दुसरा कोणी असता तर त्यानं पोती उतरवायला लावली असती. ओरडला असता, नाव काढून टाकीन म्हणाला असता. तेवढं केलं असतं तरी पुरलं असतं. पण पोती उतरवायची म्हणजे सगळ्यांसमोर एकेकाला चोर म्हणायचं, आणि हे उकेबाबूंकडून जन्मात होणार नव्हतं. त्यांनी आपल्या नोकरीतली जुनी वाट धरली. खरेदी केंद्रावर पोत्यासकट धान तोलतात आणि मग रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं, वजन सगळ्यांचं सारखंच वजा करतात. तिथे कोणी भांडत नाही.

"पोती राहू द्या," ते म्हणाले. "आपण सगळ्यायचा बारदाना वजा करू. ज्याच्या गाडीत सगळ्यात जास्त निघालं, तेवढं वजन सगळ्यायच्या गाडीतून सारखं कमी. सगळ्यायले एकच न्याय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेठनं जास्तच वाजवल्या. ज्यांनी पोती भरली त्यांचं बिंग झाकलं गेलं, आणि ज्याची पोती सगळ्यात जास्त त्याचंच माप सगळ्यांना लागलं. एकाच माणसानं टाळी वाजवली नाही, कारण तिच्या गाडीत पोतं नव्हतं. राखीच्या आठशेच्या डिकीत स्टेपनी होती, पाना होता आणि काच पुसायचं फडकं होतं. सेठच्या दहा पोत्यांचे चार क्विंटल तिच्याही गाडीतून वजा झाले. मुळातच ती गाडी काडीसारखी. चार क्विंटल गेल्यावर कागदावर तिचं वजन एखाद्या बैलाच्या आसपास आलं, आणि उकेबाबूंनी इंजिनाला वजनानं भागून हिशेब मांडला तेव्हा निष्कर्ष असा निघाला, की चंद्रशेखर उके यांची जुनी आठशे ही बालाघाट जिल्ह्यातली सगळ्यात भयंकर गाडी आहे. केदारच्या टर्बोच्याही वर. तिच्यापुढं आता फक्त विमानं होती.

"बाबा," राखी म्हणाली, "मी पोती भरली नाई, म्हणून मले शिक्षा?"

उकेबाबूंनी आकडे पुन्हा एकदा भागून पाहिले. आपल्या हिशेबात काहीतरी सडलं आहे, हे त्यांना वासावरून कळलं होतं. पण सेठच्या टाळ्या आता परत घेता येत नव्हत्या. म्हणून त्यांनी तोच उपाय केला, जो त्यांनी आयुष्यभर केला. "तुही गाडी वेगळी हाय," ते म्हणाले. "तुले मी वेगळा वर्ग देतो."

"त्यात अजून कोन हाय?"

"सध्या तं... कोणी नाई."

राखीनं डिकी आपटून बंद केली. ती गाडीत बसली आणि निघून गेली.

वेगळा वर्ग मिळतो, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. मोतीलाल दुसऱ्याच दिवशी दारात आला. बिनादरवाज्याच्या गाड्यांसाठी वर्ग पाहिजे म्हणाला, आणि घेऊन गेला. सेठना खानदानी टर्बोचा वर्ग मिळाला. केदारला ‘लहान इंजिन, आग्रहाचं’ असा. कोणाचं इंजिन जुनं होतं, कोणाची गाडी मोठ्या भावाच्या नावावर होती, एकाला चष्मा होता. उकेबाबूंनी कोणालाही रिकाम्या हातानं पाठवलं नाही. सकाळी फिरायला निघाले की वॉर्डातले लोक अगदी आदरानं ‘जयभीम बाबूजी’ म्हणत आणि पुढं जाऊन हसत. गीताबाईंनी तर जेवताना स्पष्ट विचारलं, "काय जी, जेवढ्या गाड्या तेवढे वर्ग, मंग शर्यत कोनाची कोनासंगं हाय?"

"शर्यत आपली आपल्यासंगं असते," उकेबाबू म्हणाले. वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की ते त्यांनी नियमांच्या शेवटी लिहूनही टाकलं.

स्पर्धेचा दिवस आला. मिलच्या ओट्यावर मांडव पडला, लाउडस्पीकरवर गाणी लागली, आणि टेबलावर कप मांडले गेले, जितक्या गाड्या तितके. घड्याळ उकेबाबूंच्याच हाती होतं, कारण दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं म्हटलं की भांडण. गाड्या एक एक करून सुटल्या. भैयालाल सेठनं तीन पोती फोडली आणि भुसा झाडायला नोकर बोलावला. मोतीलाल वाट चुकून धान्याच्या कोठारापर्यंत गेला आणि तिथून हात हलवत परत आला. केदारची गाडी बंदुकीच्या गोळीसारखी आली. राखीनं त्या दिवशी आठशे अशी काही चालवली, की लाउडस्पीकरवाल्यानं गाणं बंद केलं. एकाही पोत्याला तिनं स्पर्श केला नाही, वळणात ब्रेकवर पाय ठेवलाच नाही म्हणा ना. जुनी गाडी कण्हत होती, पण थांबत नव्हती.

मग बक्षिसं झाली. पहिला नंबर मोतीलाल. पहिला नंबर भैयालाल सेठ. पहिला नंबर केदार पिंपळापुरे. एक एक माणूस उठला, पहिला आला आणि कप घेऊन बसला. वाट चुकलेला पहिला आला, पोती फोडलेला पहिला आला, ज्याची गाडी सुरूच झाली नाही तोही आपल्या वर्गात पहिला आला. सुरुवातीला टाळ्या जोरात होत्या, मग पातळ झाल्या, आणि शेवटी शेवटी तर जो तो आपला कप मांडीवर घेऊन शेजाऱ्याच्या कपाकडे बघत बसला. इतकी उदास जिंकलेली माणसं एका मांडवात कोणी पाहिली नसतील.

राखीचं नाव शेवटी आलं. ती उठली, टेबलापर्यंत गेली आणि कप हातात न घेता बापासमोर उभी राहिली.

"बाबा, हे नको मले."

"पहिली आली तू!" उकेबाबू म्हणाले.

"कोनाच्या पुढं?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच त्यांना भय वाटलं. "एकटीच्या वर्गात पहिली काय अन् शेवटची काय, सारखंच. मी तुमाले एकच गोष्ट मांगितली होती. मी कुठं हाय ते सांगा, एवढंच. तुमी सगळ्यायले खूश केलं, अन् मले कोपऱ्यात नेऊन बसवून देलं. आज मी जीव लावून चालवली, बाबा. ते चांगली का वाईट, हे अजून बी मले माहीत नाई."

"तसं नाई, बेटा, तुही गाडी वेग—"

"बोलू नका आता," खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतून गीताबाई म्हणाल्या.

पुढे केलेला कप उकेबाबूंनी परत टेबलावर ठेवला. ओल्या धानाची ट्रॉली घेऊन हसत परत गेलेली माणसं त्यांना आजवर आपली वाटत आली होती. घरी जाऊन ती माणसं तेच ओलं धान उपसताना काय म्हणत असतील, हा विचार त्यांच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला, आणि तो फार वाईट होता.

तेवढ्यात केदार पुढं आला. आपला कप त्यानं टेबलावर परत ठेवला. "काका, माझ्या वर्गात पण मी एकटाच होतो," तो जरा ओशाळून म्हणाला. "आणि वजनाच्या दिवशी माझ्या डिकीत पण पोती होती."

"तुही चाबी दे," राखी त्याला म्हणाली. "माही घे. तू दोन्ही गाड्या चालव, मी बी दोन्ही चालवते. दोघांचा दोन्ही गाड्यांचा टाइम जोडायचा. मंग ना टर्बो मांगं राह्यला ना पुढं."

किती महिने आग्रहाचे वाढपी, बारदाना, खानदान आणि दरवाजे यांत गेले होते, आणि ही मुलगी म्हणत होती, चाव्या बदला. भैयालाल सेठ मात्र बेचैन झाले. "अरे इनाम तो बँट गया, अब काहे का दौड?" पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. लोक खुर्च्या उचलून ओट्याच्या कडेला जाऊन बसलेसुद्धा.

आधी दोघं आपापल्या गाडीत फिरले. मग केदार आठशेत बसला. पहिल्याच वळणात त्याला कळलं, की मागून ढकलणारं कोणी नाही. इथे एकदा वेग सोडला की तो परत मागायला जागा नाही. त्यानं वेग सोडला, आणि उरलेली वाटभर तो पाय दाबून नुसता आवाज काढत राहिला. राखीच्या वेळेपेक्षा तो बराच मागं पडला. लोक ओरडले. मग राखी टर्बोत बसली. तिनं पाय दाबला, गाडी क्षणभर विचारात पडली आणि मग एकदम सुटली. टर्बोचं असंच असतं. मागितल्याबरोबर देत नाही, आणि देतो तेव्हा सांगून देत नाही. दुसऱ्या वळणावर तो जोर नेमका नको तेव्हा आला, गाडी बाहेर फेकली गेली आणि कडेच्या पोत्याला तिचा कोपरा निसटता लागला. पोतं पडलं नाही, पण हललं. बाकीची वाट तिनं अशी कापली, की केदारनं स्वतःच्या डोक्याला हात लावला.

घड्याळ थांबलं. उकेबाबूंनी चारही वेळा मनात जोडल्या. हललेल्या पोत्याचे दोन सेकंद धरले. पुन्हा जोडल्या. फरक डोळ्याची पापणी लवावी एवढा होता, आणि तो कोणत्या बाजूला होता ते त्या सबंध पटांगणात एकट्या त्यांनाच माहीत होतं. पोतं हललेलंही त्यांच्याशिवाय कोणाला दिसलं नव्हतं.

भैयालाल सेठ कानाशी आले. "बाबू, बोल दो ना, दोनों फर्स्ट. बच्ची भी खुश, वकील साहब भी खुश."

उकेबाबूंच्या जिभेवर ते आलंच होतं. आयुष्यभर तेच येत होतं. ‘दोघंही पहिले’ म्हणायला किती सोपं, किती गोड. त्यांनी राखीकडे पाहिलं. ती गाडीच्या दाराला टेकून उभी होती, घामाघूम, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला कौतुक नको होतं. निकाल पाहिजे होता.

"पोतं हललं होतं," उकेबाबू म्हणाले. "दोन सेकंद जमा. केदार पहिला. राखी..." त्यांनी घड्याळ पुन्हा एकदा पाहिलं. "राखी दुसरी."

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे राखीकडे पाहत होते. उकेबाबूही पाहत होते, आणि त्यांच्या हातातलं घड्याळ घामानं निसटायला आलं होतं.

"कितीनं?" राखीनं विचारलं.

"एवढ्याशानं. पोतं हललं नसतं तं तू पुढं होती."

"दुसऱ्या वळणावर!" ती ओरडली आणि तिचा चेहरा असा उजळला, की केदारला वाटलं, आपणच हरलो. "मले माहीत होतं! पाय मी लवकर दाबला. तो जोर उशिरा येते, तं त्याच्या आधीच गाडी सरळ पाह्यजे होती." ती हातवारे करत केदारला त्या वळणाकडे घेऊन गेली, पोत्याजवळ वाकून जमिनीवर बोटानं रेघ काढून दाखवू लागली. तोही वाकून पाहू लागला. मागं टेबलावर कप उन्हात तापत पडले होते, आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

थोड्या वेळानं ती परत आली. बापाच्या हातातलं घड्याळ तिनं घेतलं, ओढणीनं पुसलं आणि पुन्हा त्यांच्याच हातात ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या टायमाले बी घड्याळ तुमीच धरा."

उकेबाबूंनी मान हलवली. मग त्यांनी घड्याळाचा काटा शून्यावर आणून ठेवला.